चाकांवरचे घर घेण्याआधी

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



नेवासे फाट्यावर उभे राहून कोणालाही 'कॅम्पर म्हणजे काय' असे विचारा. तो लगेच बोलेरो कॅम्परकडे बोट दाखवील. पुढे दोन ओळींत माणसे, मागे उघडा हौदा आणि हौद्यात कांद्याच्या गोण्या. आज मी ज्या कॅम्परबद्दल बोलणार आहे ती वेगळी. तिच्यात माणसे बसतात, स्वयंपाक करतात आणि रात्री झोपतातही. कोणी तिला कॅम्पर व्हॅन म्हणते, कोणी कॅराव्हॅन, कोणी मोटारहोम. सोयीसाठी आपण 'चाकांवरचे घर' म्हणू.

एस.टी.च्या कार्यशाळेत माझी बत्तीस वर्षे गेली. २०२१ साली निवृत्त झालो. तेव्हापासून गावातले आणि पाव्हण्या-रावळ्यांतले निवृत्त लोक माझ्याकडे येतात. कोणी शिक्षक, कोणी ग्रामसेवक, कोणी बँकेतले. फंड आणि ग्रॅच्युइटीचे पैसे हातात आलेले असतात, मुले पुण्या-मुंबईला असतात, आणि मोबाइलवर कुठल्यातरी परदेशी जोडप्याची चकचकीत गाडी पाहिलेली असते. प्रश्न एकच, 'मास्तर, कोणती गाडी घेऊ?' कार्यशाळेतल्या माणसालाही आमच्याकडे मास्तरच म्हणतात. मी त्यांना उलट विचारतो, 'गाडी तुम्ही दोघे चालवणार की एकटे तुम्ही?' बहुतेक जण इथे गप्प होतात. आजचे माझे बोलणे या प्रश्नाभोवतीच आहे.

आधी एक गोष्ट सांगतो. घर गाडीत घालून निघणे आपल्याला नवे नाही. आषाढीला आपल्या तालुक्यातून दिंड्या निघतात, तेव्हा दिंडीबरोबर ट्रक असतो. त्यात भांडी, शेगड्या, तंबू, वळकट्या आणि धान्य असते. पाण्याचा टँकर पुढे गेलेला असतो. माणसे पायी मुक्कामाला पोचेपर्यंत चुली पेटलेल्या असतात. वस्तू कुठे ठेवायची, कोणती आधी लागते, ओले कपडे कुठे टाकायचे, हे सारे त्या ट्रकवाल्याला पाठ असते. चाकांवरचे घर कसे मांडावे हे ज्याला शिकायचे आहे त्याने दिंडीचा ट्रक सकाळी भरताना पाहावा. आणि दिवाळीनंतर सोनई-भेंड्याच्या कारखान्यांवर ऊसतोडीला येणारी कुटुंबेही पाहावीत. आख्खा संसार गाडीत घालून ती येतात. आपली हौस आहे, त्यांची पोटाची गरज आहे. एवढे भान ठेवले की आपल्याला किती थोड्या वस्तू लागतात तेही कळते.

परदेशात या हौसेची सुरुवात एका निवृत्त माणसानेच केली. गॉर्डन स्टेबल्स हे ब्रिटिश नौदलातले डॉक्टर. प्रकृतीमुळे नोकरी सोडावी लागल्यावर ते लेखन करू लागले. १८८५ साली त्यांनी 'वाँडरर' नावाची घरगाडी बांधून घेतली आणि तिला दोन घोडे जोडून इंग्लंडमधून थेट स्कॉटलंडपर्यंत गेले. गाडी इतकी ऐसपैस होती की समोरून येणाऱ्यांना सावध करायला त्यांचा गडी तीनचाकी सायकलवर पुढे जात असे. पुढे १९५१ पासून जर्मनीत फोक्सवॅगनच्या छोट्या व्हॅनमध्ये वेस्टफालिया कंपनीने झोपायची-जेवायची सोय बसवायला सुरुवात केली. ही हौस सामान्य माणसाच्या आवाक्यात आली ती या लहान गाडीमुळे. मोठी गाडी बघायला बरी असते. पण पुढे सायकलवर गडी पाठवण्याची सोय आता आपल्याकडे नाही.

आता निवडीकडे येऊ. गाडीचे चित्र बाजूला ठेवा आणि आधी वहीत प्रवास लिहा. येत्या दोन वर्षांत कुठे जायचे आहे? पंढरपूर, पैठण, शिर्डी, कोल्हापूर अशा दोन-चार दिवसांच्या वाऱ्या करायच्या असतील तर गाडीत झोपण्याची गरज फारशी पडत नाही. भक्तनिवास आणि धर्मशाळा जागोजागी आहेत. कोकणात उतरायचे असेल तर घाट आणि गावातले अरुंद रस्ते लक्षात घ्यावे लागतात. नर्मदा परिक्रमेसारखा लांबचा प्रवास असेल तर मात्र चाकांवरच्या घराचा खरा उपयोग होतो. नदीची लांबी १,३१२ किलोमीटर. परिक्रमेत ती कायम उजव्या हाताला ठेवायची आणि मधे कुठे ओलांडायची नाही. म्हणजे दोन्ही तीर पुरे करायचे. गाडीने केली तरी दोन-तीन आठवडे सहज जातात. रोज नव्या ठिकाणी सामान उतरवा, पुन्हा चढवा, हे साठीनंतर अंगावर येते. तिथे स्वतःची गादी आणि स्वतःची शेगडी ही मोठी चैन असते.

प्रवास लिहून झाला की गाड्यांचे चार प्रकार समोर ठेवा.

पहिला प्रकार म्हणजे साधी कार किंवा ईको, जुन्या ओम्नीसारखी छोटी व्हॅन, आणि तिच्यात मागे घडीचा बिछाना. ईकोची लांबी पावणेचार मीटरच्या आत. गल्लीत वळते, कुठेही उभी राहते, तेल थोडे खाते. पण आत उभे राहता येत नाही. चोळण्याच्या बाटलीपासून पातेल्यापर्यंत सगळे बसून किंवा वाकून काढावे लागते. गुडघे आणि कंबर धड असतील आणि रात्री फक्त पाठ टेकायची असेल, तर ही पुरते.

दुसरा प्रकार ट्रॅव्हलर किंवा विंगरच्या जातीच्या व्हॅनचा. लांबी पाच मीटरच्या आसपासपासून सातपर्यंत. उंच टपाच्या गाडीत सरासरी उंचीचा माणूस उभा राहू शकतो, दोघांचा कायम मांडलेला पलंग बसतो, छोटा ओटा बसतो. आपल्या रस्त्यांना आणि आपल्या वयाला बहुधा हाच प्रकार मानवतो. पण त्यातही पाच मीटर आणि सात मीटर यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. बाजाराच्या दिवशी गावातून सात मीटरची गाडी मागे घ्यावी लागली की तो फरक समजतो.

तिसरा प्रकार बसचा. आत न्हाणीघर, सोफा, टीव्ही सगळे. पण ती चालवायला चालक ठेवावा लागतो. मग तो झोपणार कुठे, जेवणार काय आणि दोघांच्या एकांताचे काय, हे प्रश्न येतात. चौथा प्रकार कारमागे ओढायच्या कॅराव्हॅनचा. युरोपात तो फार चालतो. आपल्याकडे मात्र गतिरोधक, घाटातली वळणे आणि मागे घेताना उलट फिरणारे शेपूट यांचा विचार करा. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या लावून ऊस वाहणाऱ्यांना विचारा, ते सांगतील.

प्रकार ठरला की कागद. इथे घाई करू नका. आपल्या नियमांत 'मोटार कॅराव्हॅन' ही वाहनांची वेगळी जात आहे. तिच्यात बसायला आसने आणि टेबल, झोपायची सोय, स्वयंपाकाची सोय आणि सामान ठेवायची जागा एवढे तरी असावे लागते. त्यासाठी 'ए.आय.एस. १२४' नावाचे तांत्रिक मानकही आहे. आणि मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ सांगते की उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ च्या निकालात हेच ठासून सांगितले. म्हणून सतरा आसनी गाडी घेतली, आसने उपटली, वेल्डिंगवाल्याकडून पलंग ठोकून घेतला आणि निघालो, असे चालत नाही. रस्त्यात अडवले तर दंड होतो, ते एक. पण अपघात झाला आणि आर.सी.वरची गाडी वेगळी, रस्त्यावरची वेगळी असे निघाले, तर विम्याच्या दाव्यात अडचण येते. ती अडचण घरच्या माणसाला निस्तरावी लागते. तेव्हा आर.सी.वर मोटार कॅराव्हॅन किंवा कॅम्पर व्हॅन अशी नोंद असलेली गाडी घ्या, किंवा गाडी बांधणाऱ्याकडे मंजुरीचे कागद आधी मागा, मगच इसार द्या. नुसत्या तोंडी 'होऊन जाईल' वर जाऊ नका.

जुनी गाडी घेणार असाल तर आणखी दोन गोष्टी. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण. तेरा वर्षांची गाडी स्वस्तात मिळते, पण दोनच वर्षांत हा खर्च दारात येतो. दुसरी गोष्ट टायरची. अशा गाड्या उभ्या जास्त असतात आणि धावतात कमी. नक्षी नवी दिसते, पण रबर म्हातारे झालेले असते. टायरच्या बाजूवर शेवटी चार आकडे असतात. २३१९ असे असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. विकणाऱ्याला विचारत बसू नका, खाली वाका आणि वाचा.

आता वजन. आमच्या कार्यशाळेत शिकलेला हा धडा आहे की गाडी पळवते इंजिन, पण माणसाला घरी आणतो ब्रेक. आणि ब्रेकचा हिशोब वजनावर चालतो. अठरा मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडचा आठ बाय चारचा एक ताव तीस किलोच्या पुढे भरतो. पलंग, कपाटे, ओटा यांत पाच ताव गेले की दीडशे किलो झाले. साठ लिटरची पाण्याची टाकी म्हणजे साठ किलो. शंभर अँपिअर-तासांची साधी बॅटरी तीस किलोच्या आसपास. वर गॅस, भांडी, धान्य, गाद्या आणि आपण दोघे. बांधणाऱ्याला हलके लाकूड किंवा ॲल्युमिनियमचा सांगाडा वापरायला सांगा, जड वस्तू खाली आणि दोन्ही बाजूंना सारख्या वाटून ठेवा. मग गाडी पूर्ण भरून, टाकी भरून, दोघे आत बसून एकदा वजनकाट्यावर चढवा. घोडेगावच्या कांदा मार्केटला ज्यांचे जाणे-येणे आहे त्यांना काटा नवा नाही. आलेला आकडा उत्पादकाने ठरवलेल्या एकूण वजनाच्या मर्यादेत बसतो की नाही ते बघा. बसत नसेल तर सामान कमी करा. पाटे वाढवून घेण्याचा सल्ला कोणी देईल, तो ऐकू नका. पाट्याने गाडी वर उचलली जाते, ब्रेक वाढत नाहीत.

आत काय काय हवे याची यादी करताना लोक टीव्हीपासून सुरुवात करतात. मी म्हणतो, रात्री दोन वाजल्यापासून सुरुवात करा. साठीनंतर रात्री एकदा-दोनदा उठावे लागतेच. पलंग आडवा असेल आणि तुम्ही आतल्या कडेला असाल, तर उठताना दुसऱ्याला ओलांडावे लागते. रोज रात्री दोनदा ओलांडाओलांडी झाली की चौथ्या दिवशी दोघेही घराची वाट धरतात. म्हणून दोघांना आपापल्या बाजूने उतरता येईल असा पलंग, किंवा मधे वाट ठेवून दोन वेगळ्या बैठका. पायरी उंच नको, दाराशी धरायला दांडा हवा, पायाशी मंद दिवा हवा. आमच्या तालुक्यात शिंगणापूरच्या घरांना दारे नसतात, ते शनिमहाराजांच्या भरवशावर. आपल्या गाडीला दार हवे, ते आतून पक्के लागायला हवे आणि आगीच्या वेळी आतून चटकन उघडायलाही हवे. पलंगाने किंवा कपाटाने बाहेर पडायची वाट अडते का, हे बघितल्याशिवाय सौदा करू नका.

शौचालयाबद्दल आपण मोकळेपणाने बोलत नाही. पण निवृत्तांच्या प्रवासात, विशेषतः बायकांच्या बाबतीत, सगळा प्रवास त्यावर ठरतो. स्वच्छतागृह मिळेल की नाही या भीतीने बाया दिवसभर पाणी पीत नाहीत आणि आजारी पडतात. सुटे, झाकणबंद, वीसेक लिटरची टाकी असलेले शौचपात्र गाडीत बसते. ते रात्रीपुरते आणि अडचणीपुरते वापरायचे आणि शौचालयातच रिकामे करायचे. प्रवरा असो, गोदावरी असो की नर्मदा, नदीकाठी ते ओतणे तर सोडाच, भांड्याचे साबणपाणीही तिकडे सोडू नये. महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. त्याच वर्षी केरळनेही असे धोरण जाहीर केले. गाड्या उभ्या करायला पाणी-विजेची सोय असलेले पार्क व्हावेत असा त्यात विचार आहे. पण आपल्या वाटेवर दर मुक्कामाला असा पार्क मिळेलच असे धरून निघू नये. देवस्थानाचे वाहनतळ, आश्रमाचे अंगण, ओळखीच्या शेतकऱ्याचे खळे हेच आपले पार्क. तिथे आधी विचारावे आणि जाताना जागा झाडून जावे.

विजेचा हिशोब कागदावर करता येतो. बारा व्होल्टची शंभर अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे कागदोपत्री १,२०० वॉट-तास. साध्या ॲसिडच्या बॅटरीतली निम्मीच वीज वापरावी, नाहीतर ती लवकर मरते. म्हणजे हाती ६०० उरले. वीस वॉटचा पंखा दहा तास चालला की २००. दिवे, मोबाइल आणि पाण्याचा पंप मिळून शंभरेक. म्हणजे फ्रिज नसेल तर दोन दिवस जातात. पंचेचाळीस वॉटचा छोटा फ्रिज निम्मा दिवस चालू राहिला तरी ५४० लागतात, म्हणजे बॅटरी दिवसभरातच संपली. आणि एक हजार वॉटचा एसी रात्री आठ तास लावायचा तर ८,००० हवेत, म्हणजे अशा तेराहून जास्त बॅटऱ्या. म्हणून एसीची चैन हवी असेल तर विजेची जोडणी मिळेल तिथेच मुक्काम करावा लागतो. आम्ही सोपा मार्ग काढला. एप्रिल-मे महिन्यांत निघायचेच नाही. नेवाशात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा पत्र्याची गाडी म्हणजे भट्टी. दिवाळी ते होळी हा आमचा मोसम. टपाखाली उष्णता अडवणारा थर, दोन्ही बाजूंना जाळीच्या खिडक्या आणि एक चांगला पंखा एवढ्यात भागते.

गॅसबाबत मात्र तडजोड नको. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर तो खाली, तळाशी साचतो आणि नाकापर्यंत यायला वेळ लागतो. म्हणून सिलिंडरच्या खणाला तळाशी बाहेर उघडणारे भोक हवे. छोटे, कंपनीचे सिलिंडर घ्या, नळी ठरलेल्या मुदतीत बदला, शेगडी पेटवताना खिडकी उघडा, आणि ऊब मिळावी म्हणून शेगडी किंवा कोळसा पेटता ठेवून कधीही झोपू नका. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला ना रंग, ना वास. झोपलेला माणूस उठतच नाही.

आता पैशाचे बोलू, कारण ही आयुष्यभराची पुंजी आहे. समजा, पंधरा लाखांची गाडी घेतली. वर्षाला दहा टक्क्यांनी किंमत उतरली तर दीड लाख गेले. ते पंधरा लाख सात टक्क्यांनी बँकेत ठेवले असते तर एक लाख पाच हजार व्याज आले असते, ते बुडाले. विमा, देखभाल, टायर मिळून पंचेचाळीस हजार धरा. एकूण तीन लाख, आणि गाडी अजून अंगणातच उभी आहे. वर्षात तीस दिवस प्रवास झाला तर दिवसाला दहा हजार पडले, तेल वेगळे. शंभर दिवस झाला तर तीन हजार. लॉजच्या खोलीशी तुम्हीच ताडून बघा. 'गाडी घेतली की राहण्याचा खर्च वाचतो' असे जे म्हणतात त्यांनी हा हिशोब केलेला नसतो. गाडी घ्यायची ती आपल्या मर्जीने थांबता यावे म्हणून. पैसे वाचवायला नव्हे. आणि वर्षातले दोन-तीन महिने बाहेर राहण्याची तयारी नसेल, तर भाड्याने घ्यावी. दवाखान्यासाठी बाजूला ठेवलेल्या पैशाला तर हात लावूच नये.

भाड्याने घेण्याचा दुसरा फायदा म्हणजे परीक्षा होते. २०२२ च्या हिवाळ्यात आम्ही दोघांनी एक मोठी, साडेसहा मीटरच्या पुढची गाडी चार दिवस भाड्याने घेतली. कोणाची ते सांगत नाही. पाण्याचा पंप दुसऱ्या दिवशी बंद पडला, पण तो मुद्दा नाही. तिसऱ्या दिवशी पैठणहून परतताना आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, 'अहो, तुम्हाला काही झालं तर ही गाडी मी कडेलासुद्धा घेऊ शकणार नाही.' घरी आल्यावर त्यांनी एकच अट घातली, 'मला चालवता येईल अशी असेल तरच घेऊ.' त्यांचे वय तेव्हा सत्तावन्न. स्कूटी चालवत होत्या, चारचाकीला हात लावलेला नव्हता. त्या ड्रायव्हिंग स्कूलला गेल्या. शेजारपाजारचे हसले, मुलगा फोनवर 'आई, आता कशाला' म्हणाला. त्यांनी परवाना काढला. मग आम्ही गाडी शोधली ती त्यांच्या मापाने. क्लचपर्यंत पाय पोचतो का, बाजूचे आरसे बसल्या जागेवरून पूर्ण दिसतात का, स्टीअरिंगला पॉवर आहे का, मागे कॅमेरा आहे का. शेवटी पाच मीटरच्या आतबाहेरची, आधीपासून कॅराव्हॅन म्हणून नोंदलेली, वापरलेली व्हॅन घेतली. माझ्या मनातल्या गाडीपेक्षा ती दीड मीटरने लहान होती.

पुढच्या हिवाळ्यात परिक्रमेला निघालो. ओंकारेश्वर सोडल्यानंतर चौथ्या दिवशी पहाटे मला थंडी वाजून ताप भरला. उभे राहिलो की डोळ्यांपुढे अंधारी. मुक्काम एका लहान आश्रमात होता, दवाखाना तीस-पस्तीस किलोमीटरवर. सौभाग्यवतींनी आवराआवर केली, मला मागे पलंगावर झोपवले, कपाटांच्या कड्या लावल्या आणि गाडी काढली. चाळीसच्या वर वेग नेला नाही. मी पडल्या पडल्या गिअर बदलल्याचे आवाज मोजत होतो. बत्तीस वर्षे गाड्यांत काढल्यावर ती सवय जात नाही. डॉक्टरांनी दोन दिवस ठेवून घेतले, मूत्रमार्गाचा संसर्ग निघाला. आणखी उशीर झाला असता तर जड गेले असते, असे ते म्हणाले. साडेसहा मीटरची गाडी असती तर आम्ही त्या अंगणात कोणाची तरी वाट बघत बसलो असतो.

म्हणून मी विचारतो, गाडी दोघे चालवणार की एकटे तुम्ही? आजच्या नियमाने पंचावन्न वर्षांनंतर काढलेला किंवा नूतन केलेला परवाना पाच-पाच वर्षांचाच असतो आणि त्यासाठी डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते. साडेसात हजार किलोपर्यंतची गाडी हलक्या वाहनात मोडते, म्हणजे कारच्या परवान्यावर कायद्याने बरीच मोठी गाडी चालवता येते. पण कायदा परवानगी देतो म्हणून आपले डोळे आणि खांदे ती देतीलच असे नाही. वर्षातून एकदा डोळे तपासा, अंधारात गाडी चालवू नका, दिवसाला दोनशे किलोमीटर झाले की थांबा. घरात दुसरे कोणी चालवणारे नसेल तर मोठ्या गाडीचा नाद सोडा, किंवा चालकासह भाड्याची गाडी घ्या. त्यात कमीपणा नाही.

एक घरगुती उपाय सांगून थांबतो. गाडीवाल्याकडे जाण्याआधी गाडीच्या आतल्या जागेचे माप आणा आणि तेवढा चौकोन अंगणात किंवा गच्चीवर रांगोळीने आखा. पलंग, ओटा, दार यांच्याही रेघा ओढा. संध्याकाळी दोघांनी त्या चौकोनात जा. पिठले-भात करा, जेवा, भांडी आवरा, अंथरूण घाला, दिवा मालवून झोपा, आणि रात्री उठावे लागले तर रेघ न पुसता बाहेर या. गाडीवाल्याला इसार देण्यापूर्वी ही एक रात्र काढा. खर्च रांगोळीच्या एका पुड्याचा. सकाळी चहा घेताना दोघांनी एकमेकांना खरे काय ते सांगा, आणि ज्याला जास्त अडचण झाली असेल त्याचे आधी ऐका.